परसबागेत मधमाश्यांचा थवा उतरल्यास काय करावे?

माघ-फाल्गुनात आंबा, शेवगा, बियाण्यासाठी राखलेली कोथिंबीर, कांद्याचे गोंडे अशी फुले एकाच वेळी उमलू लागतात. याच दिवसांत अनेक घरांच्या परसात एक प्रसंग हमखास घडतो. ऊन चढल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, हवेत मोठा गुणगुणाट सुरू होतो. हजारो माश्या अंगणावर गरगर फिरताना दिसतात आणि अर्ध्या तासात लिंबाच्या किंवा पेरूच्या फांदीला नारळाएवढा, कधी फुटबॉलएवढा तपकिरी घोस लटकू लागतो.

घरातली माणसे घाबरतात. मुलांना आत घेतात. कोणी रॉकेलचा बोळा पेटवतो, कोणी फवारणीचा पंप भरून आणतो. काही जण मध मिळेल या आशेने धूर करतात. या तिन्ही उपायांत माश्या मरतात, मध मिळत नाही आणि माणसांना डंख मात्र होतात. वास्तविक बहुतेक वेळा हा थवा त्रास देण्यासाठी आलेला नसतो आणि राहायलाही आलेला नसतो. तो प्रवासात मुक्कामाला थांबलेला असतो. त्याला न छेडल्यास तो आपण होऊन निघून जातो, आणि थोडी तयारी असल्यास तोच थवा पेटीत भरून परसात कायमचा ठेवता येतो. त्यासाठी हा थवा कशाचा, तो का आला आणि तो कोणत्या जातीचा, हे समजून घेणे जरूर आहे.

थवा म्हणजे काय?

मधमाश्यांच्या वसाहतीत एक राणीमाशी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामात काही शे नर असतात. अंडी घालण्याचे काम फक्त राणी करते. फुलोरा भरपूर असला, पराग व मकरंद मुबलक येऊ लागला की वसाहत वाढते आणि घर अपुरे पडू लागते. अशा वेळी कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या आकाराची राणीघरे बांधतात. अंडे घातल्यापासून साधारण १५ ते १६ दिवसांत नवी राणी तयार होते. राणीघरे मेणाने बंद झाली की जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामकरी माश्या बरोबर घेऊन घर सोडते. मागे राहिलेल्या माश्यांना तयार पोळी, साठवलेला मध आणि लवकरच जन्मणारी नवी राणी मिळते. यालाच वसाहत फुटणे म्हणतात. जशी एका माशीपासून दुसरी माशी जन्मते, तशी एका वसाहतीपासून दुसरी वसाहत जन्मते ती अशी. काही वेळा त्याच वसाहतीतून थोड्या दिवसांनी दुसरा, आकाराने लहान थवा निघतो. त्यात जुनी राणी नसून नुकतीच जन्मलेली, नराशी संयोग न झालेली राणी असते.

थवा दिसण्याचे दुसरेही एक कारण आहे. मुंग्या, मेणकिडा, कडक ऊन, फुलांची टंचाई किंवा वारंवार होणारा त्रास यांमुळे आपली सातेरी माशी सगळेच घर सोडून निघून जाते. याला पलायन म्हणतात. फुलोऱ्याच्या काळात आलेला थवा बहुधा वसाहत फुटून निघालेला असतो. भर उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात आलेला थवा बहुधा पळून आलेला, भुकेला असतो. हा फरक पुढे उपयोगी पडतो.

माश्या फांदीवर का थांबतात?

घर सोडताना नवे घर बहुधा ठरलेले नसते. म्हणून थवा जवळच्याच एखाद्या फांदीवर राणीभोवती गोळा होतो आणि त्यातील काही शे अनुभवी माश्या जागा शोधण्यासाठी चारी दिशांना जातात.

या जागा शोधण्याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांची दिशा व अंतर सांगतात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे विद्यार्थी मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे एका झुडपावर लटकलेला थवा दिसला. त्यावर काही माश्या नाचत होत्या, पण त्यांच्या अंगावर पराग नव्हता. कोणाच्या अंगाला धुराड्यातील काजळी होती, कोणाला विटेची लाल भुकटी तर कोणाला पीठ लागले होते. या माश्या फुलांवर नव्हे, तर धुराडी, भिंतींच्या भेगा अशा ठिकाणी जाऊन पोकळ्या पाहून आल्या होत्या आणि त्या जागांचा पत्ता नाचून सांगत होत्या.

ज्या माशीला जागा चांगली वाटते ती अधिक वेळ नाचते. तिचे पाहून इतर माश्या ती जागा तपासून येतात. हळूहळू एका जागेकडे बहुमत झुकते आणि थवा उठून थेट तेथे जातो. हे संशोधन युरोपीय माशीवर झालेले आहे, तथापि आपल्या सातेरी माशीचा थवाही असाच थांबतो आणि शोधमाश्या पाठवतो. या निर्णयाला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवसही लागतात. तेवढाच आपल्या परसातील मुक्काम.

थवा शांत का असतो?

मधमाशी डंख मारते ती बहुधा घराच्या रक्षणासाठी. थव्याजवळ रक्षण करण्यासारखे काहीच नसते. पोळे नाही, अंडी-अळ्या नाहीत, साठवलेला मधही नाही. जो काही मध असतो तो निघण्यापूर्वी माश्यांनी पोटात भरून घेतलेला असतो. नव्या घरात मेण तयार करण्यासाठी आणि पहिले काही दिवस काढण्यासाठी ती शिदोरी असते. त्यामुळे थवा जाळून मध मिळेल ही कल्पना मुळातच चुकीची आहे.

याला दोन अपवाद आहेत. थवा दोन-तीन दिवस लटकून राहिला, पाऊस झाला किंवा फुले नसली तर शिदोरी संपते आणि माश्या चिडखोर होतात. पळून आलेला थवाही असाच असू शकतो. दुसरे म्हणजे धूर, दगड, काठी किंवा औषध यांनी डिवचल्यास शांत थवाही उसळतो.

आधी जात ओळखावी

कोणतीही हालचाल करण्यापूर्वी दहा-पंधरा पावलांवरून नीट पाहावे. आपल्याकडे पुढील जाती आढळतात.

१. आग्या : सर्वांत मोठी माशी, लांबी जवळजवळ पाऊण इंच. उंच झाड, कडा, पाण्याची टाकी किंवा इमारतीच्या सज्ज्याखाली एकच मोठे, उघडे पोळे बांधते. डिवचले असता पोळ्यावर लाटेसारखी हालचाल दिसते. ही माशी हंगामानुसार स्थलांतर करते आणि वाटेत तिचा थवा बागेत खालच्या फांदीवरही उतरतो. आग्या पेटीत राहत नाही. तिच्या थव्याला हात लावू नये. मुले व जनावरे दूर बांधावीत, धूर व मोठा आवाज टाळावा. थवा काही दिवसांत जातो. मात्र पोळे बांधू लागल्यास आणि जागा शाळा, गोठा किंवा रहदारीजवळ असल्यास प्रशिक्षित माणसालाच बोलवावे.

२. सातेरी किंवा सातपुडी : मध्यम आकार, लांबी सुमारे अर्धा इंच, पोटावर तपकिरी-काळे पट्टे. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतील पोकळी अशा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. पेटीत पाळता येते. परसात आलेला थवा हिचा असेल तर तो आपल्या उपयोगाचा आहे.

३. फुलोरी : लहान माशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच उघडे पोळे बांधते. पेटीत राहत नाही, पण फारशी त्रासदायकही नाही. कुंपणात किंवा डाळिंबाच्या झाडात असल्यास तेथेच राहू द्यावी.

४. पोयाची माशी : डासाएवढी, काळसर, डंख नसलेली. भिंतीच्या भेगेत डिंकासारख्या पदार्थाची नळी करून राहते. हिला घालवण्याचे काहीच कारण नाही.

५. मेलिफेरा अर्थात युरोपीय माशी : ही आपल्या देशात मूळची नाही. हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे १९६२ मध्ये ती यशस्वीपणे आणली गेली. सूर्यफूल, ओवा, कांदा बियाणे यांच्या पट्ट्यात मधपाळ पेट्या घेऊन येतात, तेव्हा तिचा थवा दिसू शकतो. सातेरीपेक्षा थोडी मोठी व पिवळसर असते. असा थवा आल्यास जवळच्या मधपाळास कळवावे.

फांदीवर नुसता माश्यांचा घोस असेल तर तो थवा. माश्यांखाली मेणाचे पोळे दिसत असेल तर ती स्थिरावलेली वसाहत, आणि तिच्याजवळ जाताना अधिक सावध असावे.

सातेरीचा थवा पेटीत भरणे

घरात कोणालाही पूर्वी माशीच्या डंखाने दम लागणे, अंगभर गांधी उठणे असा त्रास झाला असेल तर हे काम स्वतः करू नये. थवा विजेच्या तारांजवळ किंवा शिडीशिवाय हाती न येणाऱ्या उंचीवर असल्यासही मोह टाळावा. पहिल्या वेळी अनुभवी मधपाळ सोबत असावा.

साहित्य : सातेरीसाठीची मधपेटी, मेणपत्रा लावलेल्या चार-पाच चौकटी, चेहऱ्यावर घालण्याची जाळी, पुठ्ठ्याचे खोके किंवा टोपली, पातळ सुती कापड, पाण्याचा बारीक फवारा मारणारा हातपंप आणि साखर. हातपंप कधीही कीटकनाशकासाठी वापरलेला नसावा. पेटी नवी असल्यास आतून रंग देऊ नये, मेण चोळावे. जुनी, पूर्वी माश्या राहिलेली व निरोगी वसाहतीची पेटी सर्वांत चांगली. कपडे फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. तेल-अत्तर लावू नये.

पद्धत : काम शक्यतो ऊन उतरल्यावर, सूर्यास्तापूर्वी तास-दीड तास सुरू करावे.

• थव्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. पंख ओले झाले की माश्या उडत नाहीत व घट्ट बसतात. चिंब भिजवू नये.

• खोके थव्याच्या अगदी खाली धरावे आणि फांदीला एकच जोरदार झटका द्यावा. हळूहळू हलवल्यास माश्या उडतात. फांदी बारीक असल्यास ती अलगद कापून थव्यासह खोक्यात ठेवावी.

• खोक्यावर कापड टाकावे, एका कडेला बोटभर फट ठेवावी आणि खोके त्याच झाडाखाली सावलीत ठेवावे.

• आता पाहत राहावे. राणी खोक्यात आली असेल तर फटीजवळ काही माश्या पोटाचे टोक वर करून पंख हलवू लागतात. त्या गंधाने बाहेरच्या माश्या रांगेने आत शिरतात. राणी फांदीवरच राहिली असेल तर खोक्यातील माश्या परत फांदीवर जातात. तसे झाल्यास पुन्हा तीच कृती करावी.

• दिवस मावळल्यावर खोके पेटीजवळ न्यावे. पेटीतील दोन-तीन चौकटी बाजूला करून माश्या आत ओताव्यात, चौकटी अलगद बसवाव्यात व झाकण लावावे. पेटीच्या प्रवेशद्वारावर राणीला अडवणारी जाळी बसवावी. तिच्यातून कामकरी माशी जाते, राणी जात नाही.

नेहमीच्या वसाहतीची पेटी थोड्या अंतरावर हलवली तर माश्या जुन्या जागी परततात. थव्याचे तसे नाही. घर सोडतानाच त्यांनी जुनी जागा मागे टाकलेली असते, म्हणून त्याच संध्याकाळी पेटी हव्या त्या ठिकाणी ठेवता येते. ती एकदा ठेवल्यावर मात्र हलवू नये.

पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे

सातेरी माशी घर पसंत न पडल्यास लगेच सोडते. पकडलेले बरेच थवे दोन-चार दिवसांत निघून जातात ते पुढील गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

जागा : दुपारची सावली, वाऱ्यापासून आडोसा, जवळ स्वच्छ पाणी. प्रवेशद्वार शक्यतो पूर्वेकडे, माणसांच्या व जनावरांच्या वाटेवर नको. पेटी दोन फूट उंचीच्या स्टँडवर ठेवावी व स्टँडचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

खाद्य : एक भाग साखर व एक भाग पाणी असा पाक करून थंड करावा. पाऊण ते एक पेला पाक रोज संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. भांड्यात काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक बाहेर सांडू नये. मुंग्या व इतर वसाहतींच्या लुटारू माश्या येतात. गुळाचा पाक देऊ नये, त्याने माश्यांना हगवण लागते. पोळी बांधून झाली व फुले भरपूर असली की पाक बंद करावा.

तपासणी : पहिले चार-पाच दिवस पेटी उघडू नये. पाचव्या दिवशी एक-दोन चौकटी पाहाव्यात. पोळ्याच्या घरांत तळाशी उभी केलेली बारीक पांढरी अंडी दिसली म्हणजे राणी आहे व वसाहत स्थिरावली. अंडी दिसोत वा न दिसोत, जाळी या वेळी काढावी. थवा दुसऱ्या वेळचा असेल तर राणीला संयोगासाठी बाहेर उडावे लागते. जाळी राहिल्यास ती कायमची वांझ राहील. आणखी दहा-बारा दिवसांतही अंडी न दिसल्यास राणी नाही असे समजून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

रोग : ज्यांच्याकडे आधीच पेट्या आहेत त्यांनी नवा थवा काही आठवडे वेगळा ठेवावा. १९९१-९२ मध्ये केरळात आलेल्या थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या होत्या. या रोगात अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते व तिचे टोक वर वळते. विषाणूवर औषध नाही. म्हणून लक्षणे दिसताच त्या पेटीतील चौकटी दुसरीकडे वापरू नयेत.

पहिल्या हंगामात मध काढण्याची घाई करू नये. पावसाळ्यात फुले कमी व उड्डाणास उघडीप कमी, तेव्हा तोच साठा माश्यांना तारतो.

थवा भिंतीत किंवा पेटाऱ्यात शिरला असल्यास

एक-दोन दिवसच झाले असतील तर पोळे नुकतेच सुरू झालेले असते व माश्या काढणे सोपे जाते. महिना झाला असेल तर आत अंडी, अळ्या व मध असतो आणि माश्या रक्षण करतात. अशा वसाहतीची पोळी एक-एक कापून रिकाम्या चौकटींत केळीच्या सोपट्याने बांधून पेटीत बसवावी लागतात. हे काम प्रशिक्षित मधपाळाचे आहे. आत औषध मारून भोक लिंपणे हा उपाय नव्हे. मेलेल्या माश्या व मध सडतात, दुर्गंधी येते, भिंतीतून मध पाझरतो आणि उंदीर-मुंग्या येतात. विजेच्या मीटरच्या पेटीत थवा असल्यास प्रथम वीज बंद करवून घ्यावी.

डंख झाल्यास

काटा ताबडतोब काढावा. तो नखाने खरवडला की चिमटीने ओढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचे, कारण काट्याला चिकटलेली पिशवी विष सोडतच राहते. डंखाच्या जागेतून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्याने इतर माश्या चिडतात. म्हणून त्या जागेवरून दूर जावे. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी.

ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, अंगभर गांधी, चक्कर, उलटी यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. रुग्णाला त्वरित दवाखान्यात न्यावे. ही स्थिती काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. बरेच डंख झाले असतील तर लक्षणे नसली तरी दवाखान्यात दाखवावे. आग्या माश्या मागे लागल्यास तोंड-डोळे झाकून धावत घरात किंवा बंद वाहनात शिरावे. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचा धोका वेगळाच.

परसबागेला काय लाभ?

काकडी, कारले, लाल भोपळा यांच्या वेलींवर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. त्यांचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने जात नाही. वेल फुलांनी भरतो पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात, तेव्हा आपण खताचा विचार करतो. पुष्कळदा कमतरता परागीभवनाची असते. कांदा बियाणे, सूर्यफूल, कारळा, मोहरी यांनाही माश्यांची गरज आहे. एका पेटीचा लाभ केवळ आपल्या परसाला नव्हे, शेजारच्या शेतांनाही होतो. मात्र त्यासाठी फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावे. फवारणी अटळ असल्यास माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करावी आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगावे.

मधमाशीपालनाचे प्रशिक्षण पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तसेच महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वर येथील मध संचालनालयामार्फत दिले जाते. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते तेथील कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या पेट्यांमुळे. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रातही जवळच्या मधपाळांची माहिती मिळू शकते. ती हंगाम सुरू होण्यापूर्वीच मिळवून ठेवावी. थवा उतरल्यावर शोधाशोध करण्यास वेळ राहत नाही.

थोडक्यात

१. थवा दिसताच मुले, म्हातारी माणसे व जनावरे दूर न्यावीत. आग, धूर, दगड, औषध यांपैकी काहीही वापरू नये.

२. जात ओळखावी. आग्या असल्यास दूर राहावे, फुलोरी असल्यास तेथेच राहू द्यावी, सातेरी असल्यास पेटीचा विचार करावा.

३. थव्यात मध नसतो, म्हणून मधासाठी तो मोडू नये.

४. पेटीत भरल्यावर सावली, पाक, मुंग्यांपासून संरक्षण व पाच दिवस शांतता द्यावी.

५. काहीच जमणार नसेल तर दोन-तीन दिवस त्या फांदीजवळ जाऊ नये. थवा आपल्या वाटेने जाईल आणि परिसरातील एखाद्या ढोलीत राहून आपल्याच वेलींची फुले फळवील.